व्हॉल्व्ह ॲम्प, गावची लाइन आणि मध्यरात्रीनंतर बिघडणारा आवाज

गिटार_वडसा (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. मी झाडीपट्टीच्या नाटकांना गिटार वाजवतो. भाऊबीजेपासून आमचा हंगाम लागतो तो होळीपर्यंत. आज भंडारा जिल्ह्यातलं एखादं गाव, उद्या ब्रह्मपुरीकडे, परवा कुरखेड्याच्या पुढे. शंकरपट (बैलांची शर्यत) किंवा मंडई (गावची जत्रा) असली की त्या रात्री नाटक ठरलेलंच. पडदा दहाच्या सुमारास उघडतो आणि पहाटे चार-पाचला पडतो. म्हणजे ॲम्प सलग सहा-सात तास चालू.

गेल्या उन्हाळ्यात ओळखीतून एक जुना व्हॉल्व्ह ॲम्प घेतला, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या तापणाऱ्या नळ्यांवर (व्हॉल्व्ह) चालणारा. १५ वॉट, स्पीकर चालवायला (पॉवरला) दोन ईएल८४ व्हॉल्व्ह, त्यांच्या आधी आवाज वाढवायला तीन छोटे १२एएक्स७, १२ इंची एक स्पीकर, मागून उघडा बॉक्स. घरी पहिल्यांदा लावला तेव्हा मी दोन तास उठलो नाही. हळू छेडलं की स्वच्छ, जोरात छेडलं की स्वर कडेला जरासा फाटतो आणि बोटाच्या प्रत्येक दाबाला उत्तर देतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर दहा वर्षांत हे कधी हाती लागलं नव्हतं.

पण प्रयोगाला नेला की वेगळंच होतं. पहिल्या अंकात ठीक. रात्री बारा-एकनंतर आवाज कडक आणि खरखरीत होत जातो, आणि एका ईएल८४ ची प्लेट (आतला पत्रा) चक्क लालभडक दिसते. जनरेटरवर असलो तर गुणगुण इतकी की हळव्या प्रसंगात मला आवाज बंद करून बसावं लागतं. खालच्या दोन तारांना स्पीकर खर्र करतो. एका हंगामात ईएल८४ चे दोन जोड गेले. दुकानदार म्हणतो, चांगले महाग व्हॉल्व्ह घ्या. तिसरा जोड घेण्याआधी इथे विचारतो आहे. हा ॲम्प मला सोडायचा नाही.

लाइनमन_मोर्शी

भाऊ, वाल्वचं मंग पाहू. आधी हे सांगा, मंडपात व्होल्टेज किती असते? मीटर लावून पाह्यलं काय कधी?

मी तीस वर्षं लायनीवर काम केलं. रात्री दहापर्यंत घराघरात टीव्ही, पंखे, लाइट सुरू राहते, डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड राहते. गाव झोपलं का लोड उतरते अन् व्होल्टेज वर चढते. २३० च्या जागी २५०, २५५ म्या सोता मोजलं हाये. शेतीचे पंप त्याच डीपीवर असले तर उलटं. पंप सुरू झाले का १८०. तुमचा आवाज बारानंतर बिघडते म्हणता, म्हणून मले पहिला संशय वाल्वचा नाही, लायनीचा येते.

दुसरी गोष्ट याहून मोठी हाये. मंडपाले तीन फेज घेतले अन् न्यूट्रल कोठी ढिला राह्यला, तर एका फेजवर १५० अन् दुसऱ्यावर ३०० च्या वर जाऊ शकते. एका क्षणात सारं जळते. ॲम्पची पिन घालायच्या आधी बोर्डावर मीटर लावाच. फेज-न्यूट्रल पाहा, मंग फेज-अर्थ पाहा, मंग न्यूट्रल-अर्थ पाहा. न्यूट्रल-अर्थमंधी दोन-तीन व्होल्टाच्या वर दिसलं तर मंडपवाल्याले बोलावून जोड घट्ट करून घ्या, तोपर्यंत पिन घालू नका.

अन् अर्थिंग. आमच्याकडे काळी माती. एप्रिलमंधी भेगा पडल्या का अर्थिंगचा पाइप मातीत नाही, हवेत उभा राह्यते. मीठ-कोळसा भरून पाणी टाकत राहा तवा कोठी तो काम करते. तुमच्या बांधीत धान निघाल्यावरही काही दिवस ओल राह्यते, म्हणून नाटकाच्या दिवसांत तुमचं बरं हाये. स्टेजमागं सहा-सात फुटी रॉड ठोकून, त्याले जाड तार लावून, रोज दोन बकेट पाणी टाकाले सांगा.

गिटार_वडसा

काका, मीटर आहे पण मंडपात कधी लावला नाही. आणि एक कबूल करतो. गुणगुण कमी व्हावी म्हणून मी प्लगची मोठी, अर्थाची पिन काढून टाकली होती. त्यानं कमी झाली होती.

लाइनमन_मोर्शी

ती पिन आजच्या आज लावा बाप्पा. गिटारच्या तारा तुमच्या हातात, ओठ माइकजवळ. ॲम्पच्या डब्यात फेज उतरला अन् माइक दुसऱ्या ठिकाणी अर्थ झालेला असला, तर करंट हातातून छातीतून ओठापर्यंत जाईन. असं मेलेलं माणूस म्या खांबाखाली पाह्यलं हाये, स्टेजवर पाहायचं नाही. गुणगुण घालवायले दुसरे शंभर रस्ते हायेत.

रेडिओकाका_अकोट

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी आयुष्यभर व्हॉल्व्हचे रेडिओ आणि भोंग्याचे ॲम्प्लिफायर दुरुस्त केले. १९४८ मध्ये आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं, त्यानंतर आमच्या भागात घरोघर जे रेडिओ आले त्यांच्या पोटात हाच ईएल८४ असायचा. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने तो आपल्याकडे बनवला. जुन्या रेडिओतून काढलेले त्यांचे ईएल८४ माझ्याकडे आजही चालू स्थितीत आहेत. त्यामुळे "व्हॉल्व्ह टिकत नाहीत" हे मला पटत नाही. चालवणारं वातावरण नीट असेल तर ते वर्षानुवर्षं टिकतात.

बेटा, तुझ्या ॲम्पमध्ये मला दोन वेगळे आजार दिसतात. एक लाइनमन साहेबांनी सांगितलाच. ईएल८४ चा हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी आतली तार) ६.३ व्होल्टचा, आणि कंपनीची मुभा दहा टक्के खाली-वर, म्हणजे साधारण ५.७ ते ६.९. लाइन २५४ झाली की हीटर ६.९ च्या पुढे जातो आणि त्याच प्रमाणात प्लेटचं व्होल्टेजही वाढतं. या ॲम्पमध्ये ईएल८४ मुळातच ताणून वापरलेला असतो. त्याच्या प्लेटने १२ वॉटपेक्षा जास्त उष्णता सोसू नये असं माहितीपत्रक सांगतं. वर दहा टक्के चढले की ही मर्यादा ओलांडलीच.

पण लाल "एकच" प्लेट होते, आणि व्हॉल्व्ह बदलूनही होते, हे लाइनचं लक्षण नाही. लाइन जास्त असेल तर दोघांना सारखा ताप. एकालाच असेल तर त्याच्या ग्रिडवर (करंट आवरणारी आतली जाळी) कुठून तरी डीसी येतं आहे. नव्वद टक्के वेळा तो कपलिंग कंडेन्सर असतो. मागच्या १२एएक्स७ च्या प्लेटवरचे दोनशे व्होल्ट अडवून फक्त आवाज पुढे सोडणं हे त्याचं काम. जुना कागदी कंडेन्सर गरम झाला की थोडं थोडं डीसी झिरपू देतो. ग्रिड धन बाजूला सरकते, व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो, आणखी तापतो. म्हणून सुरुवातीला ठीक आणि तीन तासांनी लाल.

तपासायचं असं. ॲम्प चालू, गिटार जोडलेली नाही, आवाज शून्यावर. मीटर डीसीवर, काळी तार चॅसीला (ॲम्पच्या पत्र्याच्या सांगाड्याला). ईएल८४ ची दोन नंबरची पिन म्हणजे ग्रिड. तिथे शून्य हवं. अर्धा-एक व्होल्ट धन दिसला तरी कंडेन्सर बदल. ६३० व्होल्टचा साधा पॉलिप्रॉपिलीन घे, मोठ्या नावाची गरज नाही.

हात घालण्याआधी मात्र हे वाच. बोर्डातून प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठून असतात. पाच वॉटचा १० किलोओहमचा रेझिस्टर पकडीत धरून त्यातून तो रिकामा करायचा, मग मीटरने खात्री करायची, मगच बोट आत. चालू ॲम्पमध्ये मोजताना डावा हात खिशात. माझ्या गुरूंनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं आणि त्यामुळेच आज सत्तरीत टाइप करतो आहे. यातलं काही अवघड वाटलं तर स्वतः करू नकोस, जवळच्या जुन्या रेडिओ मेकॅनिककडे ने. तालुक्यात असा एक तरी म्हातारा अजून असतो.

कागदी_कोन

स्पीकरवर मी बोलतो. वर्ध्याला स्पीकरचे कागद बदलायचं काम करतो.

आधी स्पीकरच्या कोनवर दोन्ही हातांची बोटं समोरासमोर ठेवून सारख्या दाबाने हळूच आत ढकल. घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) चुंबकाच्या फटीत घासते आहे. आमच्याकडे याचं कारण बहुतेक वेळा रुई असतं. जिनिंगच्या मोसमात हवेत जे उडतं ते मागून उघड्या बॉक्समध्ये शिरून फटीत जाऊन बसतं. तुमच्याकडे धानाचं कूस असेल. दुसरं कारण, स्पीकरचे स्क्रू एका बाजूने जास्त कसलेले. पत्र्याची फ्रेम वाकते आणि कॉइल तिरकी होते. चारही सैल करून समोरासमोरचे जोडीने, थोडे थोडे कस. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात आणि गिऱ्हाईक पैसे न देता जातं, तरी मला आनंद होतो.

घासत नसेल आणि तरी खर्र करत असेल तर मधल्या टोपीचा डिंक सुटला आहे का पाहा, आणि मागच्या लवचीक तारा कोनला लागतात का तेही.

आता तुझा स्पीकर कुठला आहे ते लिही. बऱ्याच जुन्या कॉम्बोत (ॲम्प आणि स्पीकर एकाच बॉक्समध्ये) मूळचा गेला की कुणीतरी मंडपातला पीए (भाषणं-गाणी लोकांना ऐकवायचा) स्पीकर बसवून देतो. दोन्ही १२ इंची, दोन्ही ८ ओहम, म्हणून चालतो. पण गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर आवाज सोडतच नाही, आणि तेच त्याचं काम आहे. व्हॉल्व्ह फाटायला लागला की वरच्या पट्टीत जो किरकिराट तयार होतो तो कागद गाळतो. पीए स्पीकर तो तसाच बाहेर फेकतो. लोक मग ट्रेबल कमी करतात, व्हॉल्व्ह बदलतात, गिटारचे पिकअप (तारांखालची चुंबकी वेटोळी) बदलतात. एकट्या स्पीकरने जेवढा फरक पडतो तेवढा या सगळ्यांनी मिळून पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

संवेदनशीलतेचा, म्हणजे एका वॉटला किती मोठा आवाज निघतो त्याचा, आकडाही बघ. सेलेशनचा निळा अल्निको १५ वॉटचा, १०० डेसिबलचा. त्यांचा ग्रीनबॅक २५ वॉटचा, ९८ चा. तीन डेसिबलचा फरक म्हणजे ॲम्पचे वॉट दुप्पट केल्यासारखं. ९४ चा स्पीकर काढून १०० चा लावला तर तुझा १५ वॉटचा ॲम्प ६० वॉटच्या ॲम्पएवढा ऐकू येईल. मात्र पूर्ण फाटलेल्या आवाजात १५ वॉटचा ॲम्प त्याहून बराच जास्त देतो, म्हणून एकच स्पीकर असेल तर २५-३० वॉटच्या खालचा लावू नकोस.

आणि स्पीकरची तार काढून व्हॉल्व्ह ॲम्प कधीही वाजवू नकोस. भार नसला की आउटपुट ट्रान्स्फॉर्मरमध्ये व्होल्टेजची उसळी येते आणि त्याचं इन्सुलेशन फुटतं. तो ट्रान्स्फॉर्मर हीच या ॲम्पमधली सर्वांत महाग गोष्ट.

पऱ्हाटी

आमच्या वणीकडे इन्व्हर्टरवर वाजवणारे बरेच आहेत. त्यांच्यासाठी एक भर. साधा स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देतो. घरच्या २३० व्होल्टच्या लाइनचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातं आणि ॲम्पचा फिल्टर कंडेन्सर त्या टोकापर्यंत भरतो. चौकोनी २३० चं टोक २३० च. त्यामुळे हीटर नीट पेटतात, पण प्लेटचं व्होल्टेज जवळजवळ तीस टक्के उतरतं. आवाज बुळबुळीत आणि वर भुणभुण. मीटर मात्र सगळं ठीक दाखवतो, म्हणून माणूस चक्रावतो. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर ही अडचण नाही.

जनरेटरबद्दल: स्टेजचे सगळे हॅलोजन एकदम बंद झाले, म्हणजे काळोखाचा प्रसंग आला, की जनरेटर मोकळा होऊन व्होल्टेज उसळतं. ॲम्पला हॅलोजनच्या फेजवर ठेवू नका. आणि दिवे मंद करणाऱ्या डिमरची भुणभुण सिंगल कॉइल पिकअप थेट हवेतून उचलतो. तिचा अर्थिंगशी संबंध नाही. गिटार घेऊन हळूहळू गोल फिरा, एका दिशेला ती जवळपास गायब होते. तिथेच खुर्ची मांडा.

नवा_सूर

मला प्रामाणिकपणे विचारायचं आहे. एवढं सगळं करण्यापेक्षा डिजिटल प्रोसेसर घेऊन थेट मिक्सरला का जोडू नये? मी दारव्ह्याला लग्नाच्या ऑर्केस्ट्रात तसंच करतो. वजन दोन किलो, तक्रार नाही.

सहातारी

लग्नात अगदी योग्य. तीस गाणी, तीस वेगळे आवाज, मीही तसंच करते. पण नाटकात गिटार नटाच्या श्वासामागे चालते. संवाद सुरू असताना एकच तार हळू छेडायची आणि नट मोठ्याने रडला की त्याच तारेवर जोर द्यायचा. तो जोर व्हॉल्व्ह ॲम्प स्वरातच दाखवतो, पेडल दाबावं लागत नाही. धागाकर्त्याला तेच हवं आहे, म्हणून मला त्याचा हट्ट पटतो.

दादा, आवाजाबद्दल माझे दोन अनुभव. पहिल्या जागेवरची १२एएक्स७ काढून ५७५१ लावून पाहा. पिना त्याच, वाढवण्याची शक्ती १०० ऐवजी ७०. नॉब थोडा पुढे न्यावा लागतो, पण स्वच्छ आणि फाटका यांच्या मधली जागा रुंद होते. नाटकाला हीच जागा लागते.

दुसरं, माइक. माझ्याकडे एसएम५७ आहे. कोनच्या बरोबर मध्यावर लावला की आवाज टोचतो. मधल्या टोपीच्या कडेपासून तीन-चार बोटं बाहेर आणि किंचित तिरका धरला की गोल होतो. मंडपात लोकांपर्यंत जे जातं ते या चार बोटांवर ठरतं. आणि ॲम्प जमिनीवर ठेवून गुडघ्यांना वाजवून दाखवू नका, खुर्चीवर ठेवा म्हणजे तुमच्या कानाला खरं काय ते कळेल.

कागदी_कोन

खुर्चीवरून आठवलं. घरी आवाज भरदार आणि मंडपात पातळ, याचं एक कारण उघडा बॉक्स. कोन पुढे जितका ढकलतो तितकाच मागे. घरी मागे भिंत असते, ती मागचा आवाज परत पुढे आणते. मंडपात मागे कनात आणि तिच्यामागे शेत. मागचा आवाज कडेने पुढे येऊन खालचे स्वर खाऊन टाकतो. मागच्या उघड्या भागाच्या खालच्या अर्ध्यात १२ मिमी प्लायची फळी बसव, किंवा निदान प्लायचा एक तुकडा हातभर मागे उभा कर. व्हॉल्व्हच्या बाजूला हवा खेळती राहिली पाहिजे, तिथे झाकू नकोस.

नवा बॉक्स करायचा विचार असेल तर सागवानाच्या मोहात पडू नकोस. आलापल्लीचा साग दारं-खिडक्यांना राजा, पण गाडीत रोज चढवायच्या बॉक्सला फार जड. हलकं पाइन किंवा १८ मिमी चांगला प्लाय.

गिटार_वडसा

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजमापं घेतली, लिहितो.

घरी सकाळी २३६. कालच्या गावी संध्याकाळी ७ ला २१८, रात्री ११ ला २४१, दीड वाजता २५४. लाइनमन काका, तुम्ही म्हणालात तेच. न्यूट्रल-अर्थ मधे ९ व्होल्ट दिसले. मंडपवाल्याला बोलावलं तर न्यूट्रलची तार नुसती पिळून टेप मारलेली होती. त्याने लगेच कनेक्टर लावला, दीड व्होल्टवर आलं. अर्थाची पिन परत लावली आहे.

ॲम्प उघडायला गावातल्या एका जुन्या रेडिओवाल्या आजोबांना घेऊन बसलो. लाल होणाऱ्या व्हॉल्व्हच्या दोन नंबरच्या पिनवर धन ४ व्होल्ट. दुसऱ्यावर शून्य. दोन्ही कपलिंग कंडेन्सर बदलले, आता दोन्हीकडे शून्य. लाल होणं थांबलं. पण दीड वाजताच्या २५४ वर हीटर ६.९५ दाखवतो. दोन्ही व्हॉल्व्हचा करंट ज्यातून जातो तो कॅथोडचा रेझिस्टर दोघांत मिळून १३० ओहम आहे, त्यावर ११.८ व्होल्ट. प्लेट ते कॅथोड ३४० व्होल्ट. हे जास्त आहे का?

स्पीकर पीएचाच निघाला. मागे वॉटचा आकडा आहे, संवेदनशीलतेचा नाही. आणि स्क्रूपैकी दोन इतके कसलेले होते की फ्रेमवर डाग पडले होते. सैल करून पुन्हा कसले तर खर्र निम्मं झालं.

रेडिओकाका_अकोट

शाब्बास. गणित करू. ११.८ भागिले १३० म्हणजे सुमारे ९१ मिलिअँपिअर, दोघांचे. एकाचे साडेपंचेचाळीस. त्यातले पाचेक स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधली दुसरी जाळी), ते वजा केले की प्लेटला ४०. चाळीस मिलिअँपिअर गुणिले ३४० म्हणजे १३.६ वॉट. मर्यादा १२. म्हणजे कंडेन्सर बदलूनही रात्री दीडनंतर तुझे व्हॉल्व्ह जळतच आहेत, फक्त लाल दिसत नाहीत इतकंच.

लाइन २३० वर आणली तर कॅथोडला साडेदहाच्या आसपास आणि प्लेटला ३१० मिळतील. तेव्हा ११ वॉट. व्हॉल्व्हला पुरेसा दिलासा.

आणखी एक. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर १०५ अंशांचे घाल, ८५ चे नको. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात घरातच ४५ अंश, ॲम्पच्या पोटात किती असेल याचा विचार कर.

नवा_सूर

मग स्टॅबिलायझर घेतला की झालं ना? फ्रिजचा चालेल?

लाइनमन_मोर्शी

फ्रिजचा रिलेवाला राह्यते. टक् टक् करून टप्प्याटप्प्यानं बदलते, दर टप्प्याले ॲम्पमंधी टक् ऐकू येईन, अन् जनरेटरवर तर तो सतत टकटकत राह्यते. सर्वो (मोटरनं हळूहळू जुळवणारा) चांगला, पण जड अन् महाग.

माह्यं ऐकाल तर तालुक्याच्या मोटार वाइंडिंगवाल्याकडं जा. पंपाच्या मोटारी भरणारा माणूस तांब्याच्या तारेले आपल्याहून जास्त ओळखते. त्याच्याकडून १५० व्हीएचा ऑटोट्रान्स्फॉर्मर भरून घ्या, २२ गेज तार, अन् २१५, २३०, २४५, २६० असे टॅप (त्या-त्या व्होल्टेजसाठी वेटोळ्यातून काढलेली टोकं). रोटरी स्विच, समोर एक व्होल्टमीटर. तुमचा ॲम्प अर्धा अँपिअरही ओढत नाही. मीटर पाहून ॲम्प बंद करूनच टॅप बदला. अन् त्याच्या तोंडाशी फ्यूज पाहिजेच. ऑटोट्रान्स्फॉर्मर लायनीपासून वेगळं करत नाही, म्हणून अर्थाची तार त्यातून सरळ पुढं ॲम्पपर्यंत गेली पाहिजे.

रेडिओकाका_अकोट

उत्तम उपाय. मात्र त्याच वाइंडिंगवाल्याला आउटपुट ट्रान्स्फॉर्मर भरायला देऊ नकोस. त्यातले थर एकमेकांत गुंफून भरावे लागतात, नाहीतर वरचे स्वर मरतात. ते वेगळं कौशल्य.

पऱ्हाटी

नाटकवाल्यांसाठी प्रवासाबद्दल लिहितो, कारण ॲम्प वाजताना कमी आणि टेम्पोत जास्त मरतात. बंद केल्यावर दहा मिनिटं तरी हलवू नका, गरम व्हॉल्व्हच्या आतल्या जाळ्या नाजूक असतात. टेम्पोत कापसाच्या जुन्या गादीवर, स्पीकर वर किंवा समोर, व्हॉल्व्ह लोंबते राहतील असा नको. महिन्यातून एकदा व्हॉल्व्ह काढून सॉकेटच्या पकडी बारीक सुईने जवळ घ्या, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. खरखर पुष्कळदा इथली असते. चालू ॲम्पमध्ये प्रत्येक १२एएक्स७ ला लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा, जी घंटेसारखी वाजते ती बदला.

थंडीत पहाटे दव पडतं. थंड ॲम्प उबदार जागी आणून लगेच चालू करू नका, अर्धा तास घोंगडीखाली राहू द्या. आणि मागे बारीक जाळी लावा. पाल ऊब शोधत आत जाते आणि तीनशे व्होल्टवर चिकटते. माझ्या मित्राच्या ॲम्पचा फ्यूज तीनदा उडाला तो यामुळेच.

गिटार_वडसा

महिनाभराने येतो आहे.

ऑटोट्रान्स्फॉर्मर ब्रह्मपुरीच्या वाइंडिंगवाल्याने दोन दिवसांत करून दिला. तो स्वतः नाटकाचा शौकीन निघाला, मजुरी घेतली नाही, फक्त तांब्याचे पैसे. कागदी_कोन दादांच्या सांगण्यावरून ३० वॉटचा गिटारचा स्पीकर नागपूरहून मागवला, ८ ओहम, ९९ डेसिबल. मागे अर्धी फळी बसवली. पहिल्या जागेवर ५७५१ लावली. ताई, मधली जागा खरंच रुंद झाली. आता आवाजाचा नॉब सहावर ठेवतो आणि बाकी सगळं उजव्या हातावर सोडतो.

परवा पवनीकडच्या एका गावात प्रयोग होता. तिसऱ्या अंकात बाप मुलीची समजूत काढतो तो प्रसंग रात्री अडीचला येतो. त्या वेळी बोर्डावर २५६ होते, माझ्या मीटरवर २३१. गुणगुण जवळपास नाही. मी खालची एकच तार सोडली आणि ती नटाच्या पूर्ण वाक्याखाली विरत गेली. पेटीवाले मामा तीस वर्षं या धंद्यात आहेत. पडदा पडल्यावर ते माझ्याकडे आले, काही बोलले नाहीत, ॲम्पच्या मागे वाकून व्हॉल्व्ह पाहत उभे राहिले. मग म्हणाले, आमच्या घरच्या रेडिओत असाच उजेड पडायचा.

रेडिओकाका_अकोट

वाचून फार बरं वाटलं. पाच-सहा प्रयोग झाले की त्याच वेळी, रात्री दीड-दोनला, कॅथोडचं माप पुन्हा घे आणि इथे लिही. नवे कंडेन्सर बसले की आकडा जरा सरकतो.

गिटार_वडसा

घेतलं काका. काल सातवा प्रयोग. पावणेदोनला १०.४, दोन्ही ग्रिडवर शून्य.